भित्रीं मुलें आणि शिक्षकांची तयारी

शाळा म्हटली कीं अभ्यास, शिस्त व परीक्षा या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. चौथी एक गोष्ट प्रत्येक वर्गांत हजर असते. परंतु हजेरीपटावर तिचें नांव कोणी लिहीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे भीति. प्रत्येक मुलास ती केव्हां ना केव्हां भेटते आणि बहुधा थोड्या वेळांत निघूनहि जाते. परंतु कांहीं मुलांच्या ठायीं ती मुक्कामास राहते. अशा मुलांविषयीं, व त्याहून अधिक त्यांच्या शिक्षकांविषयीं, या लेखांत चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भित्र्या मुलास साहाय्य करणें हें केवळ प्रेमळ स्वभावाचें काम नाहीं. तें शिकण्याजोगें कौशल्य आहे. आणि गणित किंवा व्याकरण शिकविण्यासाठीं जशी तयारी करावी लागते, तशी याचीहि तयारी शिक्षकांनीं केली पाहिजे.

प्रारंभींच एक कबुली दिलेली बरी. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत पांचव्या इयत्तेंत एक मुलगी होती. तिचें अक्षर वळणदार, वहीची टापटीप वाखाणण्यासारखी. परंतु धडा मोठ्यानें वाचावयास सांगितला कीं ती उभी राही, पुस्तक उघडी, आणि तोंडांतून शब्द काढीत नसे. आम्हांस तो हट्ट वाटला. एके दिवशीं 'वाचल्याशिवाय बसावयाचें नाहीं,' असें आम्हीं तिला बजाविलें. तास संपेपर्यंत ती उभी होती. मुलें हंसलीं, आम्हीं त्यांस थांबविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिचें पोट दुखतें म्हणून चिठ्ठी आली, पुढें ताप आल्याचा निरोप आला, आणि महिन्याभरानें तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आले. ते रागावले नव्हते. 'घरीं धाकट्या भावास रोज पुस्तक वाचून दाखविते. येथेंच तिला काय होतें कोण जाणे,' एवढेंच ते म्हणाले. त्या मुलीस वाचतां येत होतें. तिची मुद्रा ओळखण्याची विद्या मात्र आम्हांस कोणी शिकविली नव्हती, व आम्हींहि ती शिकण्याची खटपट केली नव्हती.

ही विद्या कोणती तें पाहण्यापूर्वीं भीति शरीरांत काय काय करते हें समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं इ. स. १९१५ मध्यें या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट दिसतांच मूत्रपिंडांवर असलेल्या लहानशा ग्रंथींतून अॅड्रेनलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो. काळीज जोरानें उडूं लागतें, श्वास जलद होतो, हातापायांच्या स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि पोटाचें पचनाचें काम मंदावतें. ही सर्व तयारी झुंजण्याची किंवा पळण्याची असते. रानांत वाघ समोर आला तर ती जीव वाचवील. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलास मात्र झुंजतांहि येत नाहीं आणि पळतांहि येत नाहीं. शरीर लढाईस सज्ज झालेलें, आणि हातांत खडूचा तुकडा! त्याचे तळहात ओले होतात, तोंड कोरडें पडतें, पोटांत कालवाकालव होते. तेव्हां सोमवारीं सकाळीं दुखणारें पोट हें बहुधा ढोंग नसतें. तें खरोखरच दुखत असतें. फक्त त्याचें कारण पोटांत नसून मनांत असतें.

भीतीचा दुसरा परिणाम बुद्धीच्या कामावर होतो. बेरीज करतांना जो 'हातचा' आपण मनांत धरतों, त्यासाठीं मनांत असलेली जागा फार लहान आहे. 'मी चुकेन, सर्व हंसतील, गुरुजी रागावतील' हा विचार तेथें ठाण मांडून बसला कीं हातच्यास जागा उरत नाहीं. म्हणून घरीं बिनचूक येणारें गणित परीक्षेंत चुकतें. अशा मुलास 'अभ्यास कर, अभ्यास कर' असें पुन्हां पुन्हां सांगणें म्हणजे पाय मुरगळलेल्यास अधिक जोरानें धांव असें सांगण्यासारखें आहे.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा. समोर असलेल्या गोष्टीची वाटते ती भीति, आणि पुढें घडेल न घडेल अशा गोष्टीची वाटते ती धास्ती. कुत्रा अंगावर आला म्हणजे भीति वाटते. कुत्रा निघून गेला कीं ती ओसरते. परंतु 'उद्यां कुत्रा भेटला तर?' ही धास्ती रात्रीं अंथरुणांतहि सोडीत नाहीं. शाळेंतील मुलांस जें ग्रासतें तें बहुतकरून धास्तीच्या जातीचें असतें.

आतां अशीं मुलें ओळखावीं कशीं? शिक्षकांच्या तयारींतील हा पहिला धडा. आणि तो दिसतो त्याहून कठीण आहे. दंगा करणारें मूल शिक्षकाच्या डोळ्यांत भरतें. धास्तावलेलें मूल बहुधा गप्प, आज्ञाधारक व मागल्या बाकावरचें असतें. त्याच्यापासून कोणास उपद्रव नसल्यामुळें त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तरी खुणा असतात. लिहिलेलें पुसून पुन्हां लिहिणें, तें पुन्हां पुसणें. 'बाई, बरोबर आहे ना?' असें एकाच गणितास चार वेळां विचारणें. ठराविक तासालाच पाणी पिण्याची किंवा बाहेर जाण्याची परवानगी मागणें. ठराविक वारींच गैरहजर राहणें. घरीं भरभरून बोलणें आणि शाळेंत मुकें होणें. लहानशा चुकीनें रडूं कोसळणें. कांहीं मुलांत तर धास्ती रागाचा वेष घेऊन येते. वही फाडणारा किंवा 'मला नाहीं करायचें' म्हणून पाय आपटणारा मुलगा उद्धट असेल. परंतु तो घाबरलेलाहि असूं शकेल. शिक्षा करण्यापूर्वीं या दोन शक्यतांचा विचार करणें हें शिकलेल्या शिक्षकाचें पहिलें लक्षण होय.

मूल ओळखलें, पुढें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर अनुमानानें न देतां प्रयोगानें शोधण्याचा एक जुना प्रयत्न आम्हांस फार बोधप्रद वाटतो. न्यूयॉर्क शहरांत मेरी कव्हर जोन्स नांवाच्या एका तरुण बाईनें मुलांच्या भीतीचा अभ्यास करून इ. स. १९२४ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका बालसंगोपनगृहांतील तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या सुमारें ७० मुलांचें तिनें निरीक्षण केलें, आणि भीति घालविण्याचे लोकांत रूढ असलेले उपाय एकामागून एक तपासून पाहिले.

पहिला उपाय असा कीं, भीतीच्या वस्तूपासून मुलास दूर ठेवावें, म्हणजे कालांतरानें तें विसरेल. कित्येक आठवडे तसें करून पाहिलें. वस्तु पुन्हां दिसतांच भीति होती तशीच. दुसरा उपाय समजूत घालण्याचा. सशास भिणाऱ्या एका लहान मुलीशीं रोज सशाविषयीं गोड गोष्टी बोलण्यांत आल्या. ती आनंदानें बोले. परंतु खरा ससा पुढें येतांच तिचें भय पूर्वींप्रमाणेंच उफाळलें. तिसरा उपाय चेष्टेचा. बेडकास भिणाऱ्या एका मुलास इतर मुलांनीं चिडविलें. त्याची भीति तिळभरहि कमी झाली नाहीं. आपल्या शाळांतून आणि घरांतून आजपर्यंत चालत आलेले उपाय याहून फारसे वेगळे आहेत काय? 'जाऊं दे, मोठा झाला म्हणजे आपोआप जाईल,' 'अरे, त्यांत भिण्यासारखें काय आहे?' आणि 'एवढा मोठा घोडा झालास आणि घाबरतोस?' हीं तीन वाक्यें प्रत्येकानें कधीं ना कधीं ऐकलेलीं आहेत. आम्हीं तर तीं उच्चारलेलींहि आहेत.

ज्या दोन उपायांस निःसंशय यश आलें, ते कसे होते हें पीटर नांवाच्या मुलाच्या हकीकतीवरून कळतें. निरीक्षणास आरंभ झाला तेव्हां त्याचें वय २ वर्षें १० महिने होतें. पांढरा उंदीर, ससा, केसाळ कातड्याचा कोट, पीस, कापूस या सर्वांस तो भीत असे. त्यांतहि सशास फार. जोन्सबाईनें सशास न भिणारीं तीन मुलें निवडलीं आणि पीटरला त्यांच्याबरोबर रोज खेळावयास सोडलें. खेळाच्या वेळीं ससा तेथें असे. इतर मुलें सशास हात लावतात आणि त्यांस कांहीं होत नाहीं, हें पीटर पाही. हळूहळू तो सुधारूं लागला. इतक्यांत त्यास स्कार्लेट ताप आला व सुमारें दोन महिने रुग्णालयांत राहावें लागलें. परत येतांना वाटेंत एक मोठा कुत्रा अंगावर धांवून आला. पीटर भ्याला, आणि बरोबरची परिचारिकाहि भ्याली. झालेली सर्व प्रगति धुऊन गेली.

तेव्हां दुसरा उपाय सुरू केला. पीटर उंच खुर्चीवर बसून आपला आवडता खाऊ खात असतां, पिंजऱ्यांतील ससा खोलीच्या दूरच्या टोकास आणीत. इतक्याच अंतरावर कीं त्याच्या खाण्यांत व्यत्यय येऊं नये. त्या अंतराची संवय झाली म्हणजे पिंजरा थोडा पुढें. प्रथम बारा फूट, मग चार फूट, मग तीन फूट, मग अगदीं जवळ. त्यानंतर ससा मोकळा. आणि शेवटीं पीटर त्याला कुरवाळूं लागला व आपलीं बोटें सशास चघळूं देऊं लागला. अशा सुमारें सतरा पायऱ्यांची नोंद जोन्सबाईनें केली आहे. तिनें एक इशाराहि देऊन ठेवला आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे: हें काम निष्काळजीपणानें केलें, ससा एकदम जवळ आणला, तर मूल सशावर प्रेम करण्याऐवजीं खाऊलाच भिऊं लागेल. म्हणजे उपाय तोच. परंतु तो करणाऱ्याच्या हातीं कौशल्य नसेल तर त्याचा अपाय होतो.

या हकीकतीपासून शिक्षकांस तीन गोष्टी घेतां येतील. पहिली, पायऱ्या लहान असाव्या. दुसरी, न भिणाऱ्या सोबत्यांचा शेजार हें मोठें औषध आहे. तिसरी, मोठ्या माणसाची भीति मुलास लागते. परिचारिका भ्याली तेव्हां पीटरनें काय समजावयाचें? परीक्षेच्या दिवशीं घाईघाईनें, कपाळास आठ्या घालून वर्गांत शिरणारा शिक्षक तोंडानें 'घाबरूं नका' म्हणत असला, तरी मुलें त्याचे शब्द न ऐकतां त्याचा चेहरा पाहतात.

धास्तावलेल्या मुलाच्या बाबतींत शिक्षक दोन टोकांस जातात. एक टोक जबरदस्तीचें. तें आमच्या हातून कसें घडलें तें वर सांगितलेंच आहे. दुसरें टोक कनवाळूपणाचें. 'तिला वाचावयाची भीति वाटते ना, मग तिला कधींच वाचावयास सांगूं नये.' हें वरून दयेचें दिसतें, आणि त्या दिवसापुरतें मुलास बरेंहि वाटतें. पण त्यांतच धोका आहे. टाळल्यानें लगेच सुटका वाटते. सुटकेची गोडी लागते. आणि 'मी टाळलें म्हणून वांचलें' ही समजूत मनांत घट्ट होते. वाचलें असतें तरी कांहीं बिघडलें नसतें, हें पाहण्याची संधि त्या मुलास मिळतच नाहीं. आज मोठ्यानें वाचणें टाळलें, उद्यां उत्तर देणें टाळावेंसें वाटतें, परवां शाळाच टाळावीशी वाटते. भीति अशी पसरत जाते. म्हणून ढकलणें नको आणि सोडून देणेंहि नको. पायऱ्या बांधून देणें व प्रत्येक पायरीवर जवळ उभें राहणें, हा मधला मार्ग होय.

मोठ्यानें वाचण्याचेंच उदाहरण घेऊं. वर्ग सुटल्यावर मुलीनें एकट्या शिक्षिकेस एक ओळ वाचून दाखवावी. चार दिवसांनीं आवडत्या मैत्रिणीच्या देखत तीच ओळ. मग वर्ग एका सुरांत वाचीत असतांना त्यांत आपला आवाज मिळवावा. मग तिघी-चौघींच्या गटांत एक परिच्छेद. मग जागेवर बसूनच वर्गास दोन ओळी. त्या कोणत्या व कोणत्या दिवशीं वाचावयाच्या, हें आदल्या दिवशींच सांगून ठेवलेलें. सर्वांच्या शेवटीं उभें राहून एक पान. एक पायरी पुरती अंगवळणीं पडेपर्यंत दुसरी चढावयाची नाहीं, आणि कांहीं कारणानें पाय घसरला तर एक पायरी उतरून पुन्हां आरंभ करावयाचा. पीटरच्या बाबतींत तसेंच करावें लागलें होतें. पायऱ्या ठरवितांना मुलीसच विचारावें. कारण सोपें कोणतें व कठीण कोणतें हें तिच्याहून अधिक कोणास ठाऊक नसतें. आणि शाबासकी द्यावयाची ती बिनचूक वाचण्याबद्दल नव्हे, तर भीति वाटत असतांहि आरंभ केल्याबद्दल. ही शाबासकीहि हळू आवाजांत द्यावी; साऱ्या वर्गासमोर टाळ्या वाजविल्या तर लाजऱ्या मुलास तीच नवी शिक्षा होते.

बोलण्याचाहि अभ्यास करावा लागतो. 'घाबरूं नकोस' हें वाक्य आपल्या तोंडीं बसलेलें आहे. परंतु घाबरणें हें काय मुलाच्या इच्छेवर अवलंबून असतें? त्यापेक्षां, 'तुला धास्ती वाटते आहे हें मला दिसतें. पहिली ओळ आपण दोघें मिळून वाचूं, दुसरी तूं वाच,' असें म्हणावें. पहिल्या वाक्यानें मुलास वाटतें कीं आपलें दुःख कोणास तरी कळलें. दुसऱ्यानें त्यास समजतें कीं गुरुजींचा आपल्यावर विश्वास आहे. मूल 'बरोबर आहे ना?' असें पांचव्यांदा विचारील तेव्हां, 'तुला स्वतःला काय वाटतें?' असें शांतपणें विचारावें. नाहीं तर आपल्या होकाराचें त्याला व्यसनच लागतें.

हें सर्व व्याख्यान ऐकून येईल काय? आमच्या मतें येणार नाहीं. पोहण्यावरील पुस्तक वाचून कोणी विहीर तरून गेला आहे काय? म्हणून शिक्षकांच्या शिक्षणवर्गांत करून पाहण्यास वाव असला पाहिजे. आमच्या शिक्षकांच्या बैठकींत आम्हीं एक लहानसा प्रयोग केला, तो इतर शाळांनींहि करून पाहावा. प्रत्येक शिक्षकाच्या हातीं मोडी लिपींतील एकेक पत्र दिलें व उभें राहून सर्वांसमोर मोठ्यानें वाचावयास सांगितलें. वीस-वीस वर्षें शिकविलेलीं माणसें! कोणी चष्मा पुसूं लागला, कोणास खोकला आला, कोणी 'आज माझा घसा बरा नाहीं' असें म्हणाला, आणि एका गृहस्थांनीं विनोद करून वेळ मारून नेली. मग आम्हीं सर्वांनीं मिळून एक यादी केली: वाचन टाळण्यासाठीं आपण काय काय केलें? ती यादी आणि आमच्या मागल्या बाकावरील मुलांच्या 'खोड्यांची' यादी जवळजवळ एकच निघाली. त्या दिवशीं जें कळलें तें दहा व्याख्यानांनीं कळलें नसतें. त्यानंतर दोन-दोन शिक्षकांनीं, एकानें मूल होऊन व दुसऱ्यानें गुरु होऊन, वर सांगितलेलीं वाक्यें बोलून पाहिलीं. तीं साधीं वाक्यें प्रथम जिभेवर येत नाहींत. जुनीं वाक्यें आधीं येतात. म्हणून तर सराव पाहिजे.

शिक्षकांच्या हातून हें काम खरोखर होतें काय, याची परीक्षाहि झालेली आहे. आणि तिचा निकाल प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील पॉला बॅरेट या विदुषीनें इ. स. १९९० नंतरच्या दशकांत 'फ्रेंड्स' या नांवाचा एक पाठक्रम तयार केला. भीति ओळखणें, अंग सैल सोडणें, घाबरविणाऱ्या विचारांची छाननी करणें आणि पायरीपायरीनें धीट होणें, हें त्यांत साऱ्या वर्गास शिकवितात. तेथें शिक्षकांस तयार करून त्यांच्याकडून हे पाठ घेतले, तेव्हां चांगला गुण दिसून आला. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर मोठ्या प्रमाणावर जी चांचणी झाली व जिचा वृत्तांत इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला, तिच्यांत निराळें आढळलें. ज्या वर्गांत बाहेरून आलेल्या आरोग्यसेवकांनीं हे पाठ घेतले, तेथें वर्षानंतर मुलांची धास्ती अधिक कमी झालेली होती. शाळेंतील माणसांनीं घेतले तेथें तसा लाभ दिसला नाहीं, आणि त्यांसहि तयारी देण्यांत आलेली होती. यावरून शिक्षकांच्या हातून हें होणारच नाहीं असें आम्ही मानीत नाहीं. परंतु दोन दिवसांचा वर्ग व हातीं एक पुस्तिका एवढ्यानें काम भागेल अशी समजूत कोणी करून घेऊं नये, इतका बोध त्यांत निश्चित आहे. शिकणें, करून पाहणें, चुकल्यावर जाणत्यास विचारणें व पुन्हां करणें, असें वर्षभर चालावें लागतें.

आपल्या देशांत या कामास कायद्याचाहि आधार आहे. इ. स. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें, १७ व्या कलमान्वयें, मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंची मनाई केली आहे. आणि २९ व्या कलमांत, मुलास भीति, मानसिक आघात व चिंता यांपासून मुक्त करणें आणि त्यास आपले विचार मोकळेपणानें मांडण्यास मदत करणें, हें अभ्यासक्रम आखणाऱ्यांचें कर्तव्य सांगितलें आहे. छडी गेली हें चांगलें झालें. परंतु कलमानें छडी जाते. धास्ती मात्र केवळ कलमानें जात नाहीं. इ. स. २०२० मध्यें सुरू झालेल्या शालेय आरोग्याच्या राष्ट्रीय योजनेंत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांस, एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करावें असें ठरलें, आणि त्यांच्या विषयांत मनाच्या स्वास्थ्याचाहि समावेश केला. ही दिशा योग्य आहे. तथापि दोघांवर भार टाकून इतरांनीं स्वस्थ बसूं नये. कारण मूल धास्तावतें तें आरोग्यदूताच्या तासालाच असा कांहीं नियम नाहीं.

महाराष्ट्रास तर या बाबतींत स्वतःची परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. आदिवासी पाड्यांवरील मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं मुलांस ओढून आणलें नाहीं, कीं त्यांचा नादहि सोडला नाहीं. बालवाडीच पाड्यावरील अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा आज सर्वांच्या तोंडीं असलेला शब्द त्या कार्यांतून रूढ झाला. मूल जेथें उभें आहे तेथें पहिली पायरी बांधावी, हाच तो विचार.

शिक्षकानें आपली मर्यादाहि ओळखली पाहिजे. तो वैद्य नव्हे. मुलाची धास्ती आठवडेच्या आठवडे टिकून राहिली, त्यामुळें शाळा, झोंप किंवा जेवण तुटूं लागलें, किंवा मूल जीव नकोसा झाल्याची भाषा बोलूं लागलें, तर विलंब न करतां पालकांस कळवून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावें. शेवटल्या प्रकारांत तर मुलास क्षणभरहि एकटें सोडूं नये. इ. स. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देते. ती मराठींतहि मिळते. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घरीं भिंतीवर लिहून ठेवावेत.

पालकहो, आपणांस आमची एवढीच विनंति आहे. मुलाचें पोट दुखूं लागलें तर त्यास ढोंगी म्हणूं नका, वैद्यांस दाखवा. वैद्यांनीं शरीर निरोगी आहे असें सांगितलें, तर त्यास रोज घरीं ठेवण्याऐवजीं शाळेंत येऊन आम्हांस भेटा. घरची पायरी व शाळेची पायरी एकाच जिन्याच्या असूं द्या. शेजारच्या मुलाचे गुण त्याच्या देखत मोजूं नका. आणि निकालाच्या दिवशीं प्रथम त्याचा चेहरा पाहा, प्रगतिपुस्तक मागाहून पाहा. आमच्याकडून कठोरपणा झाला तर तोहि आम्हांस येऊन सांगा; दाखला मागण्यापूर्वीं सांगा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, पीटरची भीति घालविण्यास पहिली मदत कोणाची झाली तें विसरूं नका. ती त्याच्याबरोबर खेळणाऱ्या तीन मुलांची झाली. त्यांनीं त्यास उपदेश केला नाहीं कीं चिडविलेंहि नाहीं. तीं फक्त जवळ खेळत राहिलीं. तुमच्या वर्गांत कोणी वाचतांना अडखळेल तेव्हां तुम्हीं हंसलां नाहींत, तर अर्धें काम झालें. मधल्या सुटींत त्यास आपल्या डब्याजवळ बोलाविलेंत, तर उरलेल्या अर्ध्यांतील पुष्कळसें झालें. आणि ज्यास स्वतःस धास्ती वाटते त्यानें हें जाणावें कीं, ती वाटणें हा दोष नाहीं आणि ती लपविण्याची गरज नाहीं. ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास असेल त्यांच्यापाशीं जा. तोंडानें बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा.

शुभवर्तमानांत अशी हकीकत आहे कीं, लोक लेंकरांस घेऊन आले तेव्हां शिष्यांनीं त्यांस दटाविलें. परंतु प्रभु येशूनें शिष्यांस थांबवून त्या लेंकरांस आपल्या जवळ येऊं दिलें. शिष्य दुष्ट नव्हते. मुलांशीं कसें वागावें हें त्यांस अजून शिकावयाचें होतें. आम्हां शिक्षकांची स्थिति तीच आहे. जी मुलगी आमच्या वर्गांतून निघून गेली तिला आम्हांस परत आणतां येणार नाहीं. परंतु येत्या जूनमध्यें पांचवीच्या वर्गांत नवीं मुलें येतील, आणि त्यांतील एखादें पुस्तक उघडून मुकेंच उभें राहील. त्या वेळीं काय करावयाचें, हें आतां तरी आम्हांस येत असलें पाहिजे.